कळफलक पारखून घ्या

मंडळी, तुम्हाला आता वाचता येते. वहीत लिहिताही येते. सहीच्या जागी अंगठा पुढे करावा लागत नाही. लोकलच्या खिडकीतून पाटी वाचली की कोणते स्टेशन आले ते कळते. ही काही लहानसहान कमाई नव्हे.

पण फोन हातात आला की काय होते? आलेला निरोप आपण वाचतो. उत्तर द्यायची वेळ आली की मात्र फोन मुलाच्या हातात जातो. “बाळा, एवढं लिही रे.” मुलगा घाईत असतो. तो दोन शब्द लिहितो आणि फोन परत देतो. आपल्या मनातले निम्मे मनातच राहते. एखादी गोष्ट तर मुलासमोर बोलायचीच नसते. मग ती लिहायचीच राहून जाते.

असे का व्हावे? अक्षरे तर येतात! पुष्कळ जण सांगतात, “आमची अक्षरं फोनवर दिसतच नाहीत. सगळं ए बी सी डी.” खरे आहे. फोनवर कळफलक दुसऱ्याच्या सोयीचा लावलेला असला तर आपली अक्षरे कुठून दिसणार? पण हा कळफलक बदलता येतो. चांगला कळफलक फुकटही मिळतो. बदलताना काय पारखायचे आणि तो लावायचा कसा, ते या पाठात पाहू.

कळफलक म्हणजे काय?

फोनवर लिहायला गेलात की पडद्याच्या खालच्या भागात अक्षरांची पाटी उघडते. एकेका चौकोनात एकेक अक्षर असते. ही पाटी म्हणजे कळफलक. बाजारात तिला कीबोर्ड म्हणतात.

कळफलक तसा जुनाच आहे. कचेरीत टाइपरायटर असायचा, तो पुष्कळांनी पाहिला असेल. अमेरिकेत शोल्स नावाच्या गृहस्थाने केलेला टाइपरायटर रेमिंग्टन कंपनीने १८७४ साली विकायला काढला. त्या यंत्रांवर अक्षरांचा जो क्रम ठरत गेला, तोच आज फोनच्या इंग्रजी कळफलकावर दिसतो. आपल्या देशात गोदरेज कंपनीने १९५५ साली देशी टाइपरायटर तयार केला. त्या यंत्राच्या कळा लोखंडी. एकदा बसवल्या की बसवल्या. इंग्रजी यंत्रावर मराठी लिहिता येत नसे. त्याला दुसरे यंत्रच घ्यावे लागे.

फोनचे तसे नाही. फोनवरच्या कळा म्हणजे काचेवरचे नुसते चित्र. चित्र बदलले की कळफलक बदलला. हे चित्र दाखवणारे आणि दाबलेले अक्षर उमटवणारे एक ॲप फोनमध्ये असते. ते आवडले नाही तर दुसरे आणता येते. फोन तोच, कळफलक नवा.

हा लेखनिक कसा आहे?

पूर्वी मुंबईत मोठ्या पोस्टासमोर पत्रे लिहून देणारे लेखनिक बसत. गावाकडून गिरणीत आलेला माणूस त्यांच्यापुढे बसे आणि घरी काय कळवायचे ते सांगे. लेखनिक ते कागदावर उतरवी. शहाणा माणूस कोणाही लेखनिकापुढे बसत नसे. तो तीन गोष्टी पाही. ह्याला माझी भाषा नीट येते का? माझ्या बोलण्याच्या चालीने हा लिहितो का? आणि ऐकलेले हा आपल्या पोटात ठेवतो का?

फोनमधला कळफलक हासुद्धा लेखनिकच आहे. आपला प्रत्येक शब्द त्याच्या हातून जातो. म्हणून त्याच्याही ह्याच तीन परीक्षा घ्यायच्या.

पहिली परीक्षा: आपली अक्षरे आहेत का?

उल्हासनगर आपल्याला ठाऊक आहे. १९४७ साली देशाची फाळणी झाली. सिंधी कुटुंबे घरदार सोडून आली आणि कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत राहिली. त्या वस्तीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. ह्या लोकांनी आपली भाषा बरोबर आणली. सिंधी भाषा दोन लिप्यांत लिहितात. एक अरबी वळणाची. ती उजवीकडून डावीकडे लिहितात आणि तिच्यात ५२ अक्षरे आहेत. दुसरी आपली देवनागरी. म्हणजे घरात आजोबा एका लिपीत लिहिणार आणि नात दुसऱ्या लिपीत, असे होऊ शकते. भाषा एक, पण कळफलक दोन लागतात.

देवनागरीत सिंधी लिहायची तर ग, ज, ड, ब ह्या अक्षरांखाली रेघ दिलेली आणखी चार अक्षरे लागतात. त्यांचा उच्चार वेगळा आहे. हिंदीच्या कळफलकावर ती शोधत बसावी लागतात. तेव्हा “देवनागरी आहे ना, मग झालं!” असे म्हणून चालत नाही.

आपलेही तसेच आहे. दुकानात पुष्कळदा घाईने हिंदीचा कळफलक लावून देतात. दिसायला तो आपल्यासारखाच. पण मराठीचा ‘ळ’ त्यात कोपऱ्यात दडलेला असतो. ‘ळ’ सापडला नाही म्हणून ‘ल’ लिहिला तर काय होईल ते बघा. चाळ लिहायची, तर चाल होईल. वेळ लिहायची, तर वेल होईल. “पाणी वेळेवर येत नाही” असा अर्ज नगरपालिकेला करायचा, आणि लिहिले जाणार “वेलेवर”! वाचणारा हसेल, आणि अर्ज बाजूला राहील.

दुसरे अक्षर ‘ऱ’. दर्या म्हणजे समुद्र. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. आचार्य म्हणजे गुरू, आणि आचारी म्हणजे स्वयंपाक करणारा. “आचार्यांना पैसे द्या” आणि “आचाऱ्यांना पैसे द्या” ह्यांत फरक एवढ्याशा खुणेचा, पण पैसे जाणार दुसऱ्याच माणसाकडे.

म्हणून नवा कळफलक मिळाला की आधी हे एक वाक्य लिहून पाहा:

विहिरीच्या काळ्या पायऱ्यांवर डॉक्टर उभे आहेत.

ह्या वाक्यात ‘ळ’ आहे, ‘ऱ्य’ आहे, अनुस्वार आहे, डॉक्टरमधला अर्धचंद्र आहे आणि जोडाक्षरेही आहेत. हे वाक्य जसेच्या तसे उमटले तर कळफलक पहिल्या परीक्षेत पास. एखादे अक्षर समोर दिसले नाही तर त्याच्या शेजारच्या अक्षरावर बोट थोडा वेळ दाबून धरा. ‘ल’ किंवा ‘र’ दाबून धरला की कधी कधी वर आणखी अक्षरे उघडतात. तरीही सापडले नाही तर तो कळफलक आपल्या कामाचा नाही.

दुसरी परीक्षा: आपल्या हाताला बसतो का?

मराठी लिहिण्याच्या फोनवर निरनिराळ्या रीती आहेत. फोनच्या दुकानात चाललेले हे बोलणे ऐका.

मावशी: दादा, ह्यात मराठी लावून द्या.

दुकानदार: लावलंय की, मावशी. हे बघा. एन, ए, एम, ए, एस, के, ए, आर. आलं का नाही ‘नमस्कार’?

मावशी: आलं. पण ते एन आन् एम मला कुठं येतंय?

दुकानदार: मग काय येतं?

मावशी: मला ‘न’ येतो, ‘म’ येतो. ते कुठं आहेत?

दुकानदार: अहो, सगळे असंच लिहितात आता.

मावशी: सगळ्यांचं सगळ्यांपाशी. मला माझा ‘न’ द्या.

मावशींचे काय चुकले? काहीच नाही. दुकानदाराने लावला तो कळफलक इंग्रजी अक्षरांवरून मराठी करणारा होता. ज्याला इंग्रजी येते त्याला तो सोपा. पण जो देवनागरी शिकला आहे, त्याने मराठी लिहायला आधी इंग्रजी का शिकावे? मुले आपल्या सवयीने हीच रीत लावून देतात. ती आपल्याला जमत नाही, आणि आपल्याला वाटते, “फोनवर लिहिणं आपल्याला यायचं नाही.” दोष आपला नसतो. निवड चुकलेली असते.

दुसरी रीत म्हणजे सरळ देवनागरी अक्षरांचा कळफलक. ‘क’ दाबला की ‘क’ उमटतो. ह्यातही अक्षरे मांडण्याचे प्रकार आहेत. भारत सरकारने १९८६ साली संगणकासाठी ‘इनस्क्रिप्ट’ नावाची मांडणी ठरवली. तिच्यात स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, आणि व्यंजने उजव्या हाताला. संगणकावर दोन्ही हातांनी भरभर लिहिणाऱ्याला ती फार सोयीची. फोनसाठी मुंबईच्या आय.आय.टी.त, पवईला, प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ च्या सुमारास ‘स्वरचक्र’ नावाचा कळफलक केला. त्यात अक्षरांची मांडणी आपल्या मुळाक्षरांना धरून केली. ‘क’ वर बोट ठेवले की त्याच्याभोवती चाकासारखी का, कि, की, कु, कू अशी बाराखडी उघडते. हवे तिकडे बोट सरकवायचे. बाराखडी पाठ असलेल्या माणसाला हे लगेच उमजते.

तिसरी रीत म्हणजे बोटाने लिहिणे. पडद्यावर एक कोरी जागा येते. पाटीवर लिहावे तसे बोटाने ‘घर’ लिहा, फोन ते ओळखतो आणि छापील अक्षरांत उमटवतो. वळण थोडे वेडेवाकडे असले तरी चालते. नुकतेच लिहायला शिकलेल्यांनी ही रीत जरूर करून पाहावी. वर्गातला सराव इथे कामी येतो.

चौथी रीत म्हणजे बोलणे. कळफलकावर माइकचे लहान चित्र असते. ते दाबून बोललात की फोन ऐकतो आणि लिहितो. हात कामात असेल तेव्हा हे बरे. पण फोन ऐकण्यात चुकतो. त्याने काय लिहिले ते वाचल्याशिवाय पाठवू नका. तुम्हाला वाचता येते, म्हणून तर चूक पकडता येते.

ह्यांतली कोणती रीत चांगली? जी आपल्या हाताला बसेल ती. पुष्कळ कळफलकांत ह्यांतल्या दोन-तीन रीती एकत्रही असतात.

तिसरी परीक्षा: ऐकलेले पोटात ठेवतो का?

ही परीक्षा सर्वांत महत्त्वाची आहे. नीट वाचा.

आपण बहिणीला निरोप लिहितो, तो कळफलकाला दिसतो. बँकेच्या खात्याचा नंबर लिहितो, तो दिसतो. बँकेकडून आलेला ओटीपी आणि पासवर्ड पुष्कळदा ह्याच कळफलकावर भरावा लागतो, तोही दिसतो. यूपीआयने पैसे पाठवताना पिनचे आकडे भरायला वेगळी पाटी येते. ती आपल्या कळफलकाची नसते. पण बाकीचे बरेचसे लेखनिकाच्या नजरेखालून जाते. लेखनिक प्रामाणिक असला तर काळजी नाही. तो लबाड असला, किंवा निष्काळजी असला तर?

ही नुसती भीती नव्हे. २०१७ सालच्या डिसेंबर महिन्यात ‘एआय टाइप’ नावाच्या एका परदेशी कळफलकाची गोष्ट उजेडात आली. त्या कंपनीने आपल्या ३ कोटी १० लाख गिऱ्हाइकांची माहिती गोळा करून ठेवली होती. नावे होती, फोन नंबर होते, पुष्कळांच्या फोनमधल्या ओळखीच्या माणसांचे नंबरही होते. आणि एवढ्या मोठ्या कोठाराला पासवर्डचे कुलूपच नव्हते! कोणीही यावे आणि आत डोकवावे. कळफलक लावताना त्या लोकांनी असा विचार केला असेल का?

मग पारख कशी करायची? चार गोष्टी पाहा.

एक. कळफलक कुठून आला? फोनमधल्या अधिकृत दुकानातूनच घ्या. बहुतेक फोनमध्ये ते प्ले स्टोअर असते. कोणी निरोपातून लिंक पाठवली, “मराठी कीबोर्ड फुकट, लगेच दाबा,” तर दाबू नका. कोणी एपीके नावाची फाइल पाठवली तर उघडू नका. पाठवणारा ओळखीचा असला तरी नको. त्यालाही ती दुसऱ्याने पाठवलेली असते.

दोन. तो कोणी केला? दुकानात ॲपच्या नावाखाली करणाऱ्याचे नाव असते. ते नाव वाचा. किती लोकांनी तो घेतला आहे तेही तिथेच असते. त्याखाली लोकांची मते असतात. पाच-दहा मते वाचा. फार जाहिराती येतात, असे लोक म्हणत असतील तर तो कळफलक सोडून द्या.

तीन. तो कोणती माहिती गोळा करतो? २०२२ सालापासून प्ले स्टोअरवर ह्यासाठी वेगळा भाग आहे. त्याला डेटा सुरक्षितता म्हणतात. ॲप काय गोळा करते आणि कोणाला देते, हे करणाऱ्याने तिथे सांगायचे असते.

चार. तो काय काय मागतो? बोलून लिहायचे असेल तर माइक मागणे रास्त आहे. पण अक्षरे उमटवणाऱ्याला आपले एसेमेस कशाला वाचायला हवेत? आपण कुठे आहोत हे कशाला कळायला हवे? असे काही मागितले तर नकार द्या. नकार दिल्यावर चालेनासा झाला तर काढून टाका.

आता लावायचा कसा?

आधी स्वतःच्या फोनमध्ये बघा. विकत घेतलेल्या फोनमध्ये कळफलक असतोच, आणि त्यात पुष्कळदा मराठी आधीपासूनच असते. ती फक्त चालू करायची राहिलेली असते. भारतीय मानक ब्यूरोने २०१६ साली नियम केला की मोबाइल फोनवर २२ भारतीय भाषा वाचता आल्या पाहिजेत. लिहिण्यासाठी इंग्रजी, हिंदी आणि आणखी एक भारतीय भाषा असली पाहिजे. तेव्हा घरात आहे का ते पाहावे, मगच बाजारात जावे.

पायऱ्या अशा आहेत. फोन हातात घ्या आणि एकेक करा.

१. फोनमधले सेटिंग्ज उघडा. दातेरी चाकाचे चित्र असते ते. वर शोधण्याची पट्टी असते. तिच्यात ‘कीबोर्ड’ शोधा. फोनागणिक नावे थोडी बदलतात, पण ‘भाषा आणि इनपुट’ किंवा ‘ऑन-स्क्रीन कीबोर्ड’ असे काहीतरी दिसेल.

२. आता चालू असलेल्या कळफलकाच्या नावावर दाबा. त्यात ‘भाषा’ हा शब्द शोधा. ‘भाषा जोडा’ दिसले की दाबा आणि यादीतून मराठी निवडा. हिंदी नव्हे, मराठी. इथे लिहिण्याची रीतही विचारतात. देवनागरी अक्षरे हवीत की इंग्रजीवरून मराठी, की बोटाने लिहिणे, ते ठरवा.

३. ह्या कळफलकात मराठी नसेल, किंवा तो परीक्षेत नापास झाला असेल, तर प्ले स्टोअर उघडा. ‘मराठी कीबोर्ड’ शोधा. वरच्या चार गोष्टी पाहून एक निवडा. ‘इंस्टॉल’ दाबा.

४. इंस्टॉल झाला म्हणजे लागला असे नव्हे. इथेच पुष्कळ लोक अडतात. पुन्हा सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या जागी जा. नव्या कळफलकाचे नाव तिथे दिसेल. त्याच्यापुढचे बटण चालू करा.

५. आता फोन एक सूचना दाखवील. तिचा अर्थ असा की, हा कळफलक तुम्ही लिहिलेला सगळा मजकूर गोळा करू शकेल, पासवर्ड आणि कार्डाचे नंबरसुद्धा. ही सूचना चांगल्या कळफलकालाही येते आणि वाईटालाही येते. तिला घाबरू नका. पण न वाचता पुढेही जाऊ नका. फोन आपल्याला विचारतो आहे, “ह्या लेखनिकावर तुमचा भरवसा आहे ना?” भरवसा असेल तरच हो म्हणा.

६. मग कोणता कळफलक नेहमी उघडावा ते निवडा. नव्या कळफलकाला पुढे करा. जुना तिथेच राहू द्या. नवा आवडला नाही तर परत येता येते.

७. कळफलकावर पृथ्वीच्या गोलासारखे चित्र असते. ते दाबले की मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत जाता येते. काही कळफलकांत खालची लांब पट्टी दाबून धरावी लागते.

८. न आवडलेला नवा कळफलक फोनमध्ये पडून ठेवू नका. आधी जुना पुढे करा. मग नवा काढून टाका.

मुलाची मदत घ्यायला हरकत नाही. पण बोट आपले ठेवा. त्याने सांगावे आणि आपण दाबावे. असे केले म्हणजे पुढच्या वेळी कोणाची वाट पाहावी लागत नाही.

सराव: लोकलची स्टेशने

आता कळफलक लागला. पहिला धडा आपल्याच लाइनवर घेऊ. बदलापूरहून मुंबईकडे निघा आणि एकेक नाव लिहा. एक नियम लक्षात ठेवा. वहीत अक्षर जसे दिसते तशा क्रमाने लिहायचे नाही. तोंडाने जसे बोलतो तशा क्रमाने दाबायचे. आधी अक्षर, मग त्याचा काना, मात्रा, वेलांटी.

बदलापूर. ब, द, ल, काना, प, दुसरा उकार, र. हे सोपे.

अंबरनाथ. अ, अनुस्वार, ब, र, न, काना, थ. इथल्या शिवमंदिरावर शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे. दगडात अक्षर चुकले तर कारागीर काय करणार? फोनवर ती भीती नाही. उलट्या बाणाची कळ दाबली की चुकलेले अक्षर पुसते. तेव्हा निर्धास्त लिहा.

उल्हासनगर. इथे जोडाक्षर आले. उ, ल, मग पाय मोडण्याची खूण, ह, काना, स, न, ग, र. ‘ल’ चा पाय मोडला की तो पुढच्या ‘ह’ ला जाऊन मिळतो.

विठ्ठलवाडी. वहीत ‘वि’ लिहिताना पुष्कळ जण वेलांटी आधी काढतात. इथे तसे करू नका. आधी व, मग पहिली वेलांटी. फोन ती आपोआप ‘व’ च्या पुढे नेऊन बसवतो. मग ठ, पाय मोडण्याची खूण, पुन्हा ठ, ल, व, काना, ड, दुसरी वेलांटी.

एवढे जमले की पुढे कल्याणच! क, ल, पाय मोडण्याची खूण, य, काना, ण.

आता परतीची गाडी धरा आणि शेवटचे स्टेशन लिहा. कर्जत. इथे रफार आहे. तो ‘ज’ च्या डोक्यावर दिसतो, पण बोलताना आधी ‘र’ येतो. म्हणून क, र, पाय मोडण्याची खूण, ज, त. पाहा, ‘र’ आपोआप उडी मारून वर बसला.

काही कळफलक बाराखडी आपणच समोर धरतात. त्यांत दाबण्याची रीत थोडी निराळी असते, पण क्रम हाच.

आणखी एक गोष्ट. लिहिता लिहिता कळफलक वर दोन-तीन शब्द सुचवतो. आपण नेहमी वापरतो ते शब्द तो लक्षात ठेवतो. त्याने लिहिणे भरभर होते. पण घाईत भलताच शब्द दाबला जातो. पाठवण्याआधी एकदा वाचायचे, हा नियम मोडू नका. आणि फोन घरात चौघे वापरत असतील तर आपले नेहमीचे शब्द दुसऱ्यालाही सुचतात, हे ध्यानात असू द्या. न आवडलेल्या शब्दावर बोट दाबून धरले की तो काढून टाकण्याची सोय पुष्कळ कळफलकांत असते.

फसवणूक झालीच तर?

चुकून लबाड ॲप घेतले गेले आणि खात्यातून पैसे गेले, तर लपवू नका. “लोक काय म्हणतील” म्हणून गप्प बसू नका. त्याच क्षणी १९३० ह्या नंबरवर फोन करा. हा सरकारचा नंबर आहे. बँकेलाही कळवा. जितके लवकर कळवाल तितकी पैसे अडवून ठेवण्याची आशा जास्त. मग ते ॲप काढा आणि पासवर्ड बदला. पासवर्ड बदलताना दुसऱ्या, खात्रीच्या फोनचा वापर करा.

मंडळी, अक्षर शिकणे म्हणजे आपले म्हणणे दुसऱ्याच्या तोंडाने न सांगता आपल्या हाताने मांडणे. रेशनची तक्रार असो, माहेरचा निरोप असो, ग्रामपंचायतीचा अर्ज असो, ते आपल्या शब्दांत आणि आपल्या अक्षरांत जावे. फोन त्यासाठी चांगले साधन आहे. फक्त त्यातला लेखनिक आपली भाषा जाणणारा, आपल्या हाताला बसणारा आणि विश्वासाचा हवा.

लक्षात ठेवा

कळफलक निवडताना आपली अक्षरे, आपला हात आणि आपली गुप्तता ह्या तिन्ही गोष्टी पाहाव्या.

हिंदीचा कळफलक म्हणजे मराठीचा कळफलक नव्हे.

निरोपातून आलेला कळफलक कधीही घेऊ नये.

इंस्टॉल केल्यावर सेटिंग्जमध्ये जाऊन तो चालू करावा लागतो.

आधी अक्षर, मग काना-मात्रा.

करून पाहा

१. तुमच्या फोनमध्ये आत्ता कोणता कळफलक आहे? त्याचे नाव वहीत लिहा.

२. विहिरीचे वाक्य फोनवर लिहा. कोणते अक्षर सापडायला वेळ लागला?

३. बोटाने लिहिण्याची रीत लावा आणि घरातल्या सर्वांची नावे लिहा.

४. बदलापूरपासून कल्याणपर्यंतची स्टेशने लिहा आणि ती यादी वर्गातल्या एका सोबत्याला पाठवा. त्याच्याकडून उत्तर मागवा.

५. एक निरोप असा लिहा, जो आजवर दुसऱ्याकडून लिहून घेता आला नाही. तो कोणाला दाखवू नका. दोनदा वाचा आणि पाठवा.